शहरातील सोहळे आणि सार्वजनिक खर्च : चेन्नईचा अनुभव

जुलै २०२२ मध्ये चेन्नईतील कूवम नदीवरील नेपियर पूल काळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगविण्यात आला. बुद्धिबळाचा पटच रस्त्यावर अंथरला आहे असा भास व्हावा, असे ते दृश्य देशभर गाजले. निमित्त होते ४४ व्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचे. पुढे दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, याच परिसरातील आयलंड ग्राउंड्स या मैदानाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर रात्रीच्या वेळी मोटारींची शर्यत झाली. पहिल्या सोहळ्याच्या खर्चाविषयी फारशी खळखळ झाली नाही. दुसऱ्याचा खर्च मात्र उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. शहर एकच, राज्य शासन एकच, पैसाही करदात्यांचाच. मग दोन सोहळ्यांकडे पाहण्याच्या दृष्टीत एवढे अंतर का पडले, हा प्रश्न सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, जागतिक परिषदा, गुंतवणूकदारांचे मेळावे अशा विशेष सोहळ्यांचे यजमानपद मिळविण्यासाठी आता शहरांमध्ये चढाओढ असते. हा खर्च पाणीपुरवठा किंवा आरोग्यसेवेप्रमाणे दरवर्षी ठरलेला नसतो. धरण किंवा उड्डाणपुलासारखा तो निव्वळ भांडवलीही नसतो. दोन्हींच्या मधल्या या खर्चाचा हिशेब मांडणे म्हणूनच अवघड जाते. चेन्नईच्या गेल्या काही वर्षांतील अनुभवात या अडचणीची बहुतेक सर्व रूपे पाहावयास मिळतात.

खर्चाचा घटनात्मक आधार

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३३ व्या क्रमांकाच्या नोंदीमध्ये नाट्यप्रयोग, क्रीडा, करमणूक आणि मनोरंजन यांचा समावेश आहे, तर २८ व्या नोंदीत बाजार व जत्रा येतात. म्हणजे सोहळे हा मूलतः राज्यांचा विषय ठरतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय आहेत. त्यांपैकी बारावा विषय उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आणि तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा आहे. महापालिकेने महोत्सवावर पैसा खर्च करण्यास आधार आहे तो येथे. मात्र हे विषय ‘सोपविता येतील’ असे आहेत, आपोआप सोपविले गेलेले नाहीत. अनुच्छेद २४३ (डब्ल्यू) नुसार कोणते अधिकार द्यावयाचे हे राज्य विधिमंडळच ठरविते.

अनुच्छेद २८२ या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्यानुसार केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकते. तो विषय आपल्या कायदे करण्याच्या कक्षेत नसला तरीही. ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणजे काय, हा प्रश्न तामिळनाडूमधूनच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू राज्य या २०१३ च्या निकालात मोफत दूरचित्रवाणी संचांच्या वाटपाला आव्हान देण्यात आले होते. प्रयोजन सार्वजनिक आहे किंवा नाही हे ठरविण्याचे काम प्रामुख्याने शासन आणि विधिमंडळाचे आहे, असा कौल न्यायालयाने तेव्हा दिला. सोहळ्यांवरील खर्चाबाबत पुढे जे वाद झाले, त्यांच्या निकालाची दिशा बऱ्याच अंशी याच भूमिकेत सापडते.

तामिळनाडूत प्रत्यक्ष व्यवहार असा चालतो : मोठ्या क्रीडास्पर्धेसाठी निधी राज्य शासन मंजूर करते आणि तो तामिळनाडू क्रीडा विकास प्राधिकरणामार्फत खर्च होतो. रस्ते, दिवाबत्ती, सफाई आणि सुशोभीकरण यांचा भार महापालिकेवर येतो. बंदोबस्त पोलीस खात्याकडे असतो. लोक म्हणतात, ‘चेन्नईने स्पर्धा भरविली’. परंतु खर्चाची खाती तीन-चार ठिकाणी विखुरलेली असतात. एका सोहळ्याचा एकत्रित खर्च दाखविणारा कागद नागरिकाला सहसा मिळत नाही. विषयाची खरी गाठ येथे आहे.

चार महिन्यांचे ऑलिम्पियाड

४४ वे बुद्धिबळ ऑलिम्पियाड रशियात व्हावयाचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर जागतिक बुद्धिबळ महासंघाने ते तेथून काढून घेतले आणि मार्चमध्ये यजमानपद चेन्नईला मिळाले. २८ जुलै रोजी जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १० ऑगस्टपर्यंत स्पर्धा चालली. तयारीसाठी जेमतेम चार महिने मिळाले होते. राज्य शासनाने त्यासाठी सुमारे ९२ कोटी रुपये मंजूर केले. १८० हून अधिक देशांचे सुमारे १,७०० खेळाडू आले. भारतात ऑलिम्पियाड होण्याची ही पहिलीच वेळ होती. खुल्या गटात उझबेकिस्तान व महिला गटात युक्रेन विजेते ठरले. भारताला दोन्ही गटांत कांस्यपदक मिळाले. चेन्नईचाच सोळा वर्षांचा डी. गुकेश सलग आठ डाव जिंकून पहिल्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन गेला.

प्रत्यक्ष सामने चेन्नई महापालिकेच्या हद्दीत झालेच नाहीत. ते चेंगलपट्टू जिल्ह्यातील मामल्लपुरम येथील एका हॉटेलच्या परिसरात झाले. मामल्लपुरम चेन्नईपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. शहराचे नाव, शहराचे विमानतळ, शहराचे रस्ते. पण पटावरचा खेळ दुसऱ्याच जिल्ह्यात. सोहळ्याचा लाभ नेमका कोणत्या क्षेत्रात मोजावयाचा, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात रूक्ष वाटतो. येथे तो नकाशावर उभा राहतो.

या खर्चाला विरोध न होण्यामागे इतिहासही होता. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल ॲरन आणि पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद हे दोघेही याच शहरात घडले. २०१३ मध्ये आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी तामिळनाडू शासनाने २९ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली होती. आनंद ती लढत हरला, तरी खर्चाविषयी लोकांमध्ये कुरबूर झाली नाही. ज्या खेळाला समाजात आधीच मूळ आहे, त्याच्या सोहळ्याला लोकमान्यता सहज लाभते. अर्थात, लोकमान्यता म्हणजे लाभाचा पुरावा नव्हे, हे अभ्यासकाने विसरू नये.

ऑलिम्पियाडच्या वेळी वाद झाला तो जाहिरातींवरून. शासनाच्या जाहिरातींत केवळ मुख्यमंत्र्यांचे छायाचित्र असल्याची तक्रार करणारी जनहित याचिका मद्रास उच्च न्यायालयात आली आणि राष्ट्रपती व पंतप्रधान यांची छायाचित्रेही असावीत, असा निर्देश न्यायालयाने उद्घाटनाच्याच दिवशी दिला. शासकीय जाहिरातींतील छायाचित्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये कॉमन कॉज प्रकरणात बंधने घातली होती आणि मार्च २०१६ मध्ये ती शिथिल करून मुख्यमंत्री, राज्यपाल व मंत्री यांच्या छायाचित्रांना मुभा दिली होती. सोहळ्याच्या खर्चातील प्रसिद्धीचा भाग नेहमीच नाजूक असतो. शहराची प्रसिद्धी कोठे संपते आणि सत्ताधाऱ्यांची कोठे सुरू होते, याची सीमारेषा हिशेबाच्या वहीत आखता येत नाही.

रस्त्यावरची शर्यत आणि डिसेंबरचा पूर

मोटारशर्यतीचे प्रकरण निराळे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासनाने एका खासगी कंपनीच्या भागीदारीत फॉर्म्युला-४ शर्यत जाहीर केली. आयलंड ग्राउंड्सभोवती सुमारे साडेतीन किलोमीटरचा मार्ग आखण्यात आला. शासनाचा वाटा सुमारे ४० कोटी रुपयांचा होता. रस्ते नव्याने करणे, संरक्षक कठडे उभारणे आणि दिव्यांची सोय करणे अशी कामे त्यात होती. शर्यतीच्या तारखा ठरल्या ९ आणि १० डिसेंबर.

याच आठवड्याच्या प्रारंभी मिचाँग चक्रीवादळ चेन्नईच्या किनाऱ्याजवळून गेले. ३ आणि ४ डिसेंबरच्या पावसाने वेलाचेरी, पल्लिकरणै आदी भागांत घराघरांत पाणी शिरले. अनेक वस्त्यांतून लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. कित्येक दिवस वीज आणि पिण्याचे पाणी मिळाले नाही. शर्यत पुढे ढकलण्यात आली. तोपर्यंत मार्गावरील बरेच काम झालेले होते. एकीकडे उपसा पंपांची वाट पाहणाऱ्या वस्त्या आणि दुसरीकडे शर्यतीसाठी गुळगुळीत केलेले रस्ते, हे चित्र नागरिकांच्या मनात राहिले.

अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात : एका कामावर पैसा घातल्याने जे दुसरे काम करावयाचे राहून जाते, त्याचे मूल्य. मात्र येथे काटेकोर राहणे आवश्यक आहे. शर्यतीचे ४० कोटी वाचले असते तर पूर आला नसता, असे म्हणणे चुकीचे ठरेल. चेन्नईतील पर्जन्यजल वाहिन्यांवरील खर्च हजारो कोटींच्या घरातला आहे. शिवाय पल्लिकरणैसारख्या पाणथळ जमिनीवर झालेली बांधकामे हे पुराचे जुने कारण आहे. पैशाच्या दृष्टीने शर्यत लहान होती. संधी खर्च जाणवतो तो पैशापेक्षा प्रशासनाच्या वेळेत आणि मनुष्यबळात. तेच अभियंते, तेच पोलीस, तेच सफाई कामगार. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ चेन्नईला नवा नाही. २०१५ चा पूरही डिसेंबरमध्येच आला होता. अशा महिन्यात रस्त्यावरचा सोहळा ठेवणे, हाच या नियोजनातील सर्वांत दुबळा दुवा होता.

शर्यतीविरुद्धच्या याचिकांमध्ये आणखी एक मुद्दा होता. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारशर्यतींचा कायमस्वरूपी मार्ग पूर्वीपासून आहे. मग शहराच्या मध्यभागी, सरकारी रुग्णालयांच्या परिसरात आणि सार्वजनिक रस्ते बंद ठेवून शर्यत कशासाठी? फेब्रुवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शर्यतीला सशर्त परवानगी दिली. शासनाने केलेला खर्च आयोजक कंपनीने भरून द्यावा, ही त्यांतील महत्त्वाची अट होती. शर्यत अखेर ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. पहिल्या दिवशी मार्गाच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळण्यास उशीर झाल्याने वेळापत्रक कोलमडले होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्च भरून देण्याची अट रद्द केली. स्पर्धा भरविणे आणि तीत खासगी भागीदार घेणे हा धोरणाचा भाग आहे. सोहळा सार्वजनिक हिताचा आहे हे मान्य केल्यावर त्याचा खर्च कोणी करावा हे न्यायालयाने ठरवू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता.

परीक्षेच्या दृष्टीने या दोन निर्णयांतील भेद समजून घ्यावा. उच्च न्यायालयाने ‘ज्याला उत्पन्न, त्याला खर्च’ हे तत्त्व लावले. सर्वोच्च न्यायालयाने अधिकारविभागणीचे तत्त्व लावले. दुसरे तत्त्व घटनेला धरून आहे, यात शंका नाही. तथापि पहिला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. तो न्यायालयातून विधिमंडळात परत येतो, आणि विधिमंडळात पुरवणी मागण्यांच्या गर्दीत अशा रकमेवर स्वतंत्र चर्चा होण्याची शक्यता कमीच असते.

लाभाचे गणित

सोहळ्याच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की पर्यटक येतात, हॉटेले भरतात, रोजगार निर्माण होतो आणि पैसा फिरतो. यामागे गुणक परिणामाची कल्पना आहे. एका पर्यटकाने हॉटेलात दिलेल्या रुपयातून कर्मचाऱ्याला वेतन मिळते, तो ते बाजारात खर्च करतो, दुकानदाराचे उत्पन्न वाढते. तत्त्व खरे आहे, पण त्याला तीन ठिकाणी भोके पडतात.

पहिले प्रतिस्थापनाचे. चेन्नईच्याच कुटुंबाने शर्यतीच्या तिकिटावर खर्च केलेला पैसा एरवी चित्रपट, उपाहारगृह किंवा कापडखरेदीवर गेलाच असता. तो नवा पैसा नव्हे. खिसा बदलला एवढेच. म्हणून लाभ मोजताना बाहेरून आलेल्या आणि केवळ त्या सोहळ्यासाठीच आलेल्या पाहुण्यांचा खर्च तेवढा धरावयाचा असतो. दुसरे विस्थापनाचे. चेन्नईत डिसेंबर-जानेवारी हा मार्गळी महिन्याच्या संगीत मैफलींचा काळ. सभागृहे, हॉटेले आणि विमाने तेव्हा आधीच भरलेली असतात. अशा वेळी नवा सोहळा आला तर तो जुन्या पाहुण्यांना बाजूला सारतो. ही संगीत-परंपरा १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने भरलेल्या संगीत परिषदेतून आणि त्यानंतर स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीतून वाढली. शहराच्या नावावर असलेला हा कदाचित सर्वांत यशस्वी वार्षिक सोहळा, आणि तो मुख्यतः सभा, रसिक व खासगी देणगीदार यांच्या बळावर चालतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिसरे भोक गळतीचे. आंतरराष्ट्रीय संघटनेचे शुल्क, परदेशी तज्ज्ञ, बाहेरून आणलेली सामग्री यांवरील पैसा शहरात थांबतच नाही.

खर्चाच्या बाजूलाही एक स्वाभाविक कल असतो. सोहळ्याची तारीख ठरलेली असते. पूल सहा महिने उशिरा पूर्ण झाला तर चालते, उद्घाटन सहा महिने पुढे जात नाही. कंत्राटदाराला हे ठाऊक असते, म्हणून शेवटच्या टप्प्यात दर वाढतात आणि निविदांच्या नेहमीच्या मुदती आखूड करण्याचा मोह होतो. तामिळनाडूत निविदांमधील पारदर्शकतेचा कायदा १९९८ मध्येच झाला. परंतु कायदा कितीही नीट असला तरी हातात चार महिने असताना स्पर्धात्मक निविदांना मिळणारा अवकाश मर्यादितच राहतो. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०११ चा अहवाल या संदर्भात मुळातून वाचावा असा आहे. यजमानपदाच्या प्रस्तावातील सुमारे १,२०० कोटी रुपयांचा अंदाज अखेरीस १८,५३२ कोटींवर पोहोचल्याची नोंद त्यात आहे. हा केवळ भारतीय रोग नाही. कॅनडातील माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिम्पिकचे कर्ज फेडले ते २००६ मध्ये, तीस वर्षांनी. उलट, अमेरिकेतील डेन्व्हर शहराला १९७६ च्या हिवाळी ऑलिम्पिकचे यजमानपद मिळूनही तेथील मतदारांनी १९७२ मध्ये त्यासाठी निधी देण्यास नकार दिला आणि ते परत करावे लागले.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च

६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय वायुदलाच्या ९२ व्या वर्धापन दिनानिमित्त मरीना किनाऱ्यावर विमानांच्या कसरती झाल्या. प्रवेश खुला होता. लाखो लोक आले. भर दुपारच्या उन्हात गर्दी पांगू लागली तेव्हा रस्ते तुंबले, उपनगरी रेल्वे स्थानकांवर पाय ठेवावयास जागा उरली नाही आणि अनेकांना पिण्याचे पाणीसुद्धा मिळेना. उष्णतेच्या त्रासाने शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. पाच जणांचा मृत्यू झाला.

या सोहळ्याचा मुख्य खर्च शहराचा नव्हता. विमाने वायुदलाची, वैमानिक वायुदलाचे. शहराच्या वाट्याला आले ते पाणी, सावली, शौचालये, रुग्णवाहिका आणि परतीची वाहतूक. फुकटातला सोहळा वास्तविक फुकट नसतो. त्याचा खर्च गर्दीच्या प्रमाणात वाढतो आणि तिकीट नसल्यामुळे गर्दीचा अंदाजच बांधता येत नाही. तिकीट म्हणजे उत्पन्नाचे साधन, असे सामान्यतः मानतात. पण ते मोजणीचेही साधन आहे. किती माणसे येणार हे आधी कळले, तर किती पाणपोया लागणार हेही कळते.

नेहमीच्या अंदाजपत्रकी पद्धतीत अशा खर्चाला स्वतंत्र लेखाशीर्ष नसते. पोलिसांचा जादा बंदोबस्त गृह खात्याच्या वेतनात जिरतो, सफाई कामगारांच्या जादा पाळ्या महापालिकेच्या घनकचरा विभागात आणि रुग्णवाहिका आरोग्य खात्यात. खर्च दिसत नाही, म्हणून त्याची आगाऊ तरतूद होत नाही. तरतूद नाही, म्हणून ऐन वेळी सोय अपुरी पडते. मरीनावरील दुपारच्या मुळाशी ही हिशेबाची उणीव होती असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

उत्पन्न कोणाकडे, देखरेख कोणाची?

सोहळ्याने शहरातील उलाढाल वाढली असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्यातून महापालिकेच्या तिजोरीत काय येते? हॉटेल, भोजन, तिकिटे यांवरील वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. महापालिकेचे मुख्य उत्पन्न मालमत्ता कराचे, आणि तो चार दिवसांच्या सोहळ्याने वाढत नाही. १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीत करमणूक कराचा अधिकार फक्त पंचायती, नगरपालिका आणि प्रादेशिक व जिल्हा परिषदांनी बसविलेल्या करापुरता शिल्लक ठेवण्यात आला. तामिळनाडूने २०१७ मध्ये स्थानिक संस्थांच्या करमणूक कराचा स्वतंत्र कायदा केला तो याच आधारावर. सोहळ्याच्या उत्पन्नाचा काही भाग थेट शहराकडे वळविण्याचा हा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. परंतु प्रोत्साहन म्हणून करमाफी देण्याची प्रथा असल्याने तोही पुष्कळदा बंद होतो. खर्चाचा भार खाली आणि उत्पन्नाचा ओघ वर, अशी ही विषम रचना वित्त आयोगांच्या चर्चेत उभ्या असमतोलाच्या नावाने येते.

देखरेखीची बाजूही दुबळी राहिली आहे. चेन्नई महापालिका १६८८ मध्ये स्थापन झालेली, देशातील सर्वांत जुनी. २०११ मध्ये तिची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाली आणि प्रभाग २०० झाले. तरीही २०१६ च्या उत्तरार्धापासून २०२२ च्या आरंभापर्यंत तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये निवडणूक झाली, मार्चमध्ये आर. प्रिया महापौर झाल्या आणि त्याच महिन्यात ऑलिम्पियाड शहराकडे आले. सोहळ्याचे यजमानपद घ्यावे की नाही हा निर्णय सभागृहासमोर ठेवण्याची पद्धत तेव्हाही नव्हती.

अनुदानाचे लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यानुसार होते. कलम १४ अन्वये २५ लाखांहून कमी नसलेले आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसलेले सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेचे हिशेब तपासले जातात. कलम १५ त्याहून सूक्ष्म आहे. विशिष्ट प्रयोजनासाठी अनुदान दिले असेल, तर अटींची पूर्तता झाली याची खात्री मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने कशी केली, तेच त्याखाली तपासता येते. सोहळ्यासाठी हे कलम अधिक उपयोगी पडावे, पण त्यासाठी अनुदानाच्या आदेशात मोजता येतील अशा अटी असावयास हव्यात. ‘राज्याचा लौकिक वाढविणे’ ही अट लेखापरीक्षकाला तपासता येत नाही.

मागे काय उरते?

डिसेंबर १९९५ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या दहा दिवसांचे निकाल आज फारसे कोणाला आठवत नसतील. पण नुंगमबाक्कमचे टेनिस संकुल आणि वेलाचेरीचा जलतरण तलाव त्या निमित्ताने उभे राहिले. १९९७ पासून २०१७ पर्यंत दरवर्षी त्याच टेनिस संकुलात चेन्नई ओपन ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२२ मध्ये महिलांची स्पर्धा तेथेच झाली. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईसह चार शहरांत झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील जलतरण वेलाचेरीत झाले. त्या स्पर्धांत १५८ पदके मिळवून महाराष्ट्र पहिला आणि ९८ पदकांसह यजमान तामिळनाडू दुसरा आला. एका सोहळ्यासाठी केलेला भांडवली खर्च तीस वर्षे उपयोगी पडला. त्याहून जुने उदाहरण जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेचे. मरीनावर तेव्हा उभारलेले तिरुवळ्ळुवर, अव्वैयार, सुब्रह्मण्य भारती आदींचे पुतळे ही आज त्या किनाऱ्याची ओळख आहे.

चेन्नई ओपनची पुढची कथा महाराष्ट्राशी निगडित आहे. २०१८ मध्ये ही स्पर्धा चेन्नईहून पुण्याच्या बालेवाडीत आली आणि महाराष्ट्र ओपन झाली. करोनाचे २०२१ हे वर्ष वगळता २०२३ पर्यंत ती तेथे भरली आणि २०२४ मध्ये हाँगकाँगला गेली. स्पर्धेचा परवाना हा मालकीचा हक्क असतो. जेथे अटी अनुकूल तेथे तो नेला जातो. वीस वर्षे एखाद्या शहरात राहिलेला सोहळासुद्धा त्या शहराचा होत नाही, हे चेन्नईने अनुभवले आणि नंतर पुण्यानेही. स्टेडियम मात्र दोन्हीकडे राहिले. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले. २०१३ मध्ये श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागावरून तामिळनाडू शासनाने आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपदाचे यजमानपद नाकारले, तेव्हा ती स्पर्धा अल्पावधीत पुण्याला हलविता आली, कारण धावमार्ग तयार होता.

शर्यतीच्या रस्त्याचे असे होत नाही. कठडे काढून ठेवावे लागतात, दिवे उतरवावे लागतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढेच काम करावे लागते. त्या खर्चाचा पुष्कळसा भाग बुडीत स्वरूपाचा असतो. सार्वजनिक खर्चाच्या वर्गीकरणात रस्त्याचे डांबर भांडवली शीर्षाखाली गेले, म्हणून तो खर्च गुंतवणूक ठरत नाही.

पण मागे उरणारी प्रत्येक गोष्ट सिमेंटची नसते. १९७० च्या दशकात मद्रासमधील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाचा बुद्धिबळ क्लब चालत असे. आनंद लहानपणी तेथे खेळावयास जाई. एक खोली, काही पट आणि घड्याळे यांपलीकडे त्या क्लबाला फारसे काही लागत नव्हते. मिचाँगच्या पुरानंतर दहाएक दिवसांनी, शर्यत पुढे ढकलली गेली असतानाच, राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाच्या पाठबळाने चेन्नईतील एका हॉटेलात आठ ग्रँडमास्टरांची लहानशी स्पर्धा भरली. रस्ते बंद करावे लागले नाहीत, गर्दीही मोठी नव्हती. ती गुकेशने जिंकली आणि तिच्या गुणांमुळे तो जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेस पात्र ठरला. पुढच्या वर्षीच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी चेन्नई, नवी दिल्ली आणि सिंगापूर या तीन शहरांनी प्रस्ताव दिले. यजमानपद सिंगापूरला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला.